मळ्यातली पंढरी

दिवाळी जवळ आली, की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. 'एवढे एकदा पार पडू दे, मग निवांत!' मुलीची बारावी झाली की निवांत, घराचे हप्ते फिटले की निवांत, चिरंजीवांची बदली जवळच्या गावी झाली की निवांत. हा निवांतपणा मोठा विलक्षण पाहुणा आहे. तो नेहमी पुढच्या गाडीने यायचा असतो, आणि त्याची वाट पाहण्याच्या गडबडीत आज घरात असलेल्या माणसांची साधी विचारपूसही राहून जाते.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, अरण नावाचे गाव आहे. संत सावता माळी यांचे हे गाव. इ. स. १२५० ते १२९५ हा त्यांचा काळ मानतात. म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांचे ते समकालीन, पण वयाने वडील. आयुष्य अवघे पंचेचाळीस वर्षांचे, आणि आज उपलब्ध असलेले अभंग चाळिसाच्याही आत. पंढरपूर तिथून काही काशी-रामेश्वराइतके दूर नाही. तरीही सावतोबा वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मळ्याला पाणी द्यायचे होते, तण काढायचे होते, भाजी खुडायची होती. ज्या विठ्ठलासाठी लोक पायपीट करीत होते, तो त्यांना त्या भाजीपाल्यात, विहिरीत आणि मोटेतच दिसला.

पुढची गंमत वारकरी मंडळींना ठाऊक आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. पण आषाढ वद्यात, सावतोबांच्या पुण्यतिथीला, पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते!

आहे ते स्वीकारणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, असा आपला एक समज असतो. परंतु मळा काही आळशाला पिकत नाही. पाऊस पडला नाही, हे ज्याने मनोमन मान्य केले, तोच विहिरीवर मोट जुंपतो. 'असा कसा पडला नाही?' म्हणून आभाळाशी भांडणारा बांधावरच बसून राहतो. सावतोबांचे समाधान हे राबणाऱ्या माणसाचे समाधान होते.

हे सारे एकदा वर्गात रंगून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण मळा त्यांचा होता ना? ज्याला मळाच नाही, त्याने काय करायचे?"

प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तरही आमच्याच जिल्ह्यात आहे. अरणहून दक्षिणेला, भीमेच्या पलीकडे, मंगळवेढे आहे. तिथे संत चोखामेळा राहत. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, ही त्यांची मर्जी. चोखोबा ओढीने गेले, तर त्यांना देवळाबाहेर उभे राहावे लागले. त्यांच्या अभंगांत भक्ती आहे, तसे गाऱ्हाणेही आहे. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते ढासळले आणि चोखोबा त्याखाली गेले. त्यांची समाधी आहे तीही महाद्वारासमोर, दाराच्या बाहेर. ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. 'आहे त्यात समाधान माना' हा उपदेश दाराआतल्या माणसाने दाराबाहेरच्याला करण्यासारखा नाही.

तेव्हा वाचकहो, समाधान ही ज्याची त्याने आपल्यापुरती करायची गोष्ट आहे. ऐन दिवाळीत पाहुण्यांसाठी रांधून घामाघूम झालेल्या गृहिणीला ओसरीवरून 'आनंद मानावा माणसाने' असे सांगू नये. उठून चार पोळ्या लाटाव्यात. पाऊस, वय, सरून गेलेली वर्षे, आपल्या मुलाची आपल्याहून निराळी आवड, या गोष्टी मुकाट्याने स्वीकाराव्यात. दुसऱ्यावरचा अन्याय मात्र त्या यादीत घालू नये. हा निवाडा एकदा मनाशी झाला, की निम्मी कुरकुर आपोआप थांबते.

दिवाळी सरली, की पुढे थंडीत आमच्याकडे शाळू डोलू लागतो. कणसातला दाणा कोवळा, दुधाने भरलेला असतो, तेवढे मोजके दिवस हुरड्याचे. घाई केली तर कणसात काही नसते. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच दाण्याची टणक ज्वारी होते. ती भाकरीला उत्तम, पण हुरड्याची चव तिच्यात शोधून सापडायची नाही. म्हणून शेतकरी काय करतो? वर्षाच्या ज्वारीसाठी रान राखतो, आणि त्यातलीच चार कणसे आज खुडून आगटीत भाजतो. शेंगाची चटणी असतेच. उद्याची तरतूद आणि आजची चव यांत त्याला भांडण दिसत नाही.

आपल्या घरातही अशी कणसे असतात. आज गोष्ट सांगा म्हणून मागे लागणारा नातू पुढच्या दिवाळीला मागे लागेलच, असे नाही. हप्ते फिटायचे तेव्हा फिटतील. गोष्ट आज सांगावी.