कपलर टू कपलर: कंपनीच्या सबवूफरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

संध्याकाळी सहानंतर आमच्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात चारचाकी घालायची म्हणजे पैठण गेटपासूनच पाऊल पाऊल सरकायचं. तरी भाचा त्या गर्दीतून आला, कारण जुनी का असेना, ती त्याची पहिली गाडी होती. काचा वर केल्या, गाणं लावलं आणि म्हणाला, “मामा, नीट ऐका. सबवूफर आहे गाडीत, पण बेस पोकळ येतोय ना? मोठा बसवून घेऊ का?”

डिकीतलं कार्पेट उचललं आणि मला वाईट वाटलं. कंपनीच्या सबवूफरचा कपलर कापून टाकला होता. वायरी सोलून नुसत्या पिळल्या होत्या, वरून काळी टेप गुंडाळली होती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद विरघळला होता आणि बोटाला काळा लागत होता. एका जोडाचं उघडं तांबं गाडीच्या पत्र्यापासून दोन बोटांवर आलं होतं. आधीच्या मालकानं कधीतरी बाहेरचा सबवूफर बसवला असावा आणि गाडी विकताना तो काढून जुना कसातरी परत जोडला असावा. हे करताना प्लस-मायनस उलटं झालं होतं. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. जोड सोडवून सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवायचं, पडदा बाहेर सरकला तर बरोबर. मग त्या खुणेप्रमाणे वायरी जुळतात का, ते पाहायचं. भाच्याच्या गाडीत त्या जुळत नव्हत्या. दारातले स्पीकर हवा पुढे ढकलत होते तेव्हा सबवूफर ती मागे खेचत होता, आणि जिथे दोघांचे आवाज एकत्र यायला हवेत तिथे ते एकमेकांना खाऊन टाकत होते. दोन वायरींची अदलाबदल केली आणि अर्धी तक्रार तिथेच मिटली.

पहिला गैरसमज इथेच आहे. बेस कमी वाटला की सबवूफर छोटा आहे असं लोक धरून चालतात. तो उलटा जोडलेला असू शकतो, हेडयुनिटमध्ये त्याची पातळी खाली केलेली असू शकते, किंवा स्टेपनीतल्या सबवूफरचा मधला बोल्ट पंक्चर काढल्यावर कुणी कसलाच नसेल. खर्चाआधी एवढं तरी पाहून घ्यावं.

“कंपनी हलका स्पीकर देते, तेवढा काढून त्याच जागी भारी टाकायचा.” हे मी सर्वांत जास्त वेळा ऐकलंय, आणि यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात. आता आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या सबवूफर घेऊनच येतात. हॅरियरच्या वरच्या मॉडेलात जेबीएल, क्रेटात बोस, एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनी. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. त्यांतल्या सुपर्ब-कोडियाकच्या वरच्या मॉडेलांत कॅन्टन या जर्मन कंपनीची सिस्टीम असते आणि तिचा सबवूफर स्टेपनीच्या पोकळीत बसतो. या कुठल्याही गाडीत सबवूफर हा एकटा स्पीकर नसतो. स्पीकर, तो ज्या डब्यात बसलाय तिथली हवा, त्याला चालवणारा अ‍ॅम्प आणि त्या अ‍ॅम्पमध्ये आधीच भरून ठेवलेली टोनची दुरुस्ती, हे चारही एकमेकांना जुळवून केलेले असतात. त्यांतला एक बदलला की बाकीच्या तिघांशी त्याचं जुळत नाही.

बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. डबा जितका लहान, तितकी स्प्रिंग कडक. बाजारातला आठ इंची सबवूफर दहा-पंधरा लिटर हवेसाठी बनवलेला असेल आणि तुम्ही तो कंपनीच्या सहा-सात लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात कोंबला, तर खालचा बेस जातो आणि वरचा ढबढब आवाज फुगतो. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ ज्यांचा, त्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावानं एक नियम ओळखला जातो: लहान डबा, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. भारी किमतीचा स्पीकर घेतला म्हणून हा नियम सुटत नाही.

दुसरी अडचण ओहमची. कंपनीचे सबवूफर बऱ्याचदा दोन ओहमचे किंवा त्याहूनही कमी असतात आणि दुकानात सहज मिळणारा चार ओहमचा. त्याच अ‍ॅम्पवर दोनच्या जागी चार ओहम जोडले की वॉट निम्मे होतात. म्हणजे पैसे देऊन आवाज कमी करून घेतला. उलट चारच्या जागी दोन जोडले तर अ‍ॅम्पवर दुप्पट करंटचा भार पडतो आणि तो तापून बंद पडतो किंवा जळतो. म्हणून आधी कपलर काढून मल्टिमीटर लावावा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो, तेव्हा आकडा थोडा कमी दिसला म्हणून बिचकू नये.

वॉटबद्दल फार लांबण लावत नाही. खोक्यावरचा हजार-बाराशेचा आकडा सोडून द्यावा आणि आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या वॉटचा आकडा, बघावा. वॉट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलनं वाढतो, जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. पन्नासचा शंभर केल्यानं जादू होत नाही ती यामुळे.

“वायर कापल्याशिवाय होतच नाही.” भाच्याच्या गाडीत ज्यानं कात्री चालवली, त्यालाही हेच सांगितलं गेलं असेल. होतं, आणि त्याला बाजारात सुंदर शब्द आहे: कपलर टू कपलर. आपल्या गाडीच्या कपलरला बसेल अशी नर-मादी जोडी असलेला हार्नेस मिळतो. हेडयुनिटचा किंवा कंपनीच्या अ‍ॅम्पचा कपलर काढायचा, मध्ये हा हार्नेस घालायचा, बाजूला निघालेल्या दोन-चार वायरींतून नव्या अ‍ॅम्पला सिग्नल द्यायचा. मूळ वायरीला ब्लेड लागत नाही. उद्या काढायचा म्हटला तर पाच मिनिटांत निघतो. मागवताना मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट तिन्ही सांगावे, कारण एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये कपलर वेगळा असतो. काही गाड्यांत हेडयुनिटपासून अ‍ॅम्पपर्यंत सिग्नल डिजिटल जातो. तिथे मधून घेता येत नाही, अ‍ॅम्पच्या पुढे, स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींवरच घ्यावा लागतो.

स्पीकरच्या वायरीवरून थेट सिग्नल घेणारं हाय इनपुट असलेला अ‍ॅम्प घेतला तर वेगळ्या हाय-लो कन्व्हर्टरचीही गरज उरत नाही. पण दोन बारीक गोष्टी फिटर सहसा सांगत नाही. सबवूफरच्या वायरीवरून सिग्नल घेतला असेल तर वरचे सूर आधीच गाळलेले असतात. नव्या अ‍ॅम्पचा लो-पास फिल्टर पूर्ण उघडा ठेवावा, नाहीतर गाळलेलंच पुन्हा गाळलं जातं आणि बेस मंद होतो. दुसरी गोष्ट अशी की लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक कंपन्या आवाज वाढेल तसा बेस आपोआप कापत जातात. ओळखीचं गाणं कमी आवाजावर ऐका, मग मोठ्या आवाजावर. ढोलकी मागे पडत गेली तर समजावं, कापाकापी आत चालू आहे. अशा वेळी कितीही मोठा सबवूफर लावा, त्याला मिळणारा सिग्नलच रोडावलेला असतो. तिथे आधी डीएसपीचा, म्हणजे सिग्नल डिजिटल पद्धतीनं दुरुस्त करणाऱ्या यंत्राचा, विचार करावा.

आता करंट. इथे गैरसमज झाला तर गाडी पेटते, म्हणून मला इथे थांबायचं आहे. लायटरच्या सॉकेटवरून अ‍ॅम्प चालवा असं सांगणारे भेटतात. त्या सॉकेटवर बहुतेक गाड्यांत १२० वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे १० अँपिअर. २०० वॉट आरएमएसचा डी-क्लास अ‍ॅम्प पूर्ण जोरात सुमारे १८ अँपिअर ओढतो. वायर थेट बॅटरीवरूनच आणायला हवी, आणि बॅटरीपासून हातभराच्या आत, ४५ सेंटिमीटरपर्यंत, फ्यूज हवा. “अ‍ॅम्पला फ्यूज आहे की आतमध्ये” हे उत्तर चालत नाही. अ‍ॅम्पचा फ्यूज अ‍ॅम्पपुरता. बॅटरीजवळचा फ्यूज मधल्या चार-पाच मीटर वायरीसाठी असतो. ती कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर तोच एक अडवणारा असतो. इंजिनकडून आत यायला नवं भोक पाडू नये. मूळ वायरिंग ज्या रबरी बुशातून येतं, त्यातच बहुधा जागा निघते. अर्थिंगसाठी रंग खरवडला की तिथे गंज धरतो, म्हणून कंपनीचा अर्थिंगचा बोल्ट शोधून तोच वापरावा.

वायर घेताना दुकानातच तिचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. तांबूस सालीखाली पांढरी धातू दिसली तर आत अ‍ॅल्युमिनियम आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून तेवढ्याच जाडीची ही वायर जास्त तापते. शुद्ध तांब्याची वायर महाग पडते. सगळ्या खर्चात काटकसर करायची नाही अशी ही एकच जागा, असं माझं ठाम मत आहे.

“छोट्या गाडीत बेस बसतच नाही” हे मात्र साफ चूक. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे साडेआठ मीटर, गाडीच्या दुप्पट. तेवढी लाट गाडीत मावत नाही, पण बंद गाडीत हवेचा दाब एकसाथ वर-खाली होतो आणि खालचे सूर उलट उचलले जातात. पटत नसेल तर गाणं चालू असताना एक काच खाली करून बघा, बेस लगेच पातळ होतो. हीच मदत मिळते म्हणून सीटखाली बसणारा, आतच अ‍ॅम्प असलेला आठ इंची चपटा सबवूफर बहुतेकांना पुरतो. खालच्या सुरांची दिशा कानाला कळत नाही, त्यामुळे तो कुठे ठेवलाय यानं फारसं बिघडत नाही. सीटखाली पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना हात लावू नये, त्यावरून वायर ओढू नये. मागच्या सीटला एसीची हवा नेणारी नळीही पुष्कळदा तिथेच असते.

डिकीत डबा ठेवायचा असेल तर तो मोकळा ठेवू नये. जोरात ब्रेक लागला की पंधरा किलोचा डबा मागच्या सीटवर येतो. कंपनीच्या हुकांना पट्टा लावून आवळावा, भोकं पाडावी लागत नाहीत. सीएनजीची टाकी असेल तर तिच्या ब्रॅकेटला काहीही बांधू नये. आणि स्टेपनी काढून तिथे सबवूफर बसवण्याच्या मी विरोधात आहे. रात्री कन्नडच्या घाटात टायर बसला की सबवूफरचा उपयोग नसतो.

वॉरंटीबद्दल दोन टोकं ऐकू येतात. काही म्हणतात काही होत नाही, काही म्हणतात सगळी वॉरंटी गेली. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून वाचावी. बाहेरच्या वस्तूमुळे किंवा वायरिंगशी छेडछाड केल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, असा मजकूर सहसा असतो. कापलेली वायर हा त्याचा आयता पुरावा. कपलर टू कपलर जोडणीत तो उरत नाही, तरी नवीन गाडीत आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घेतलेलं बरं. आरटीओची भीती त्या मानानं अनाठायी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात त्याचा काटेकोर अर्थ लावला. पण प्रमाणपत्रात सबवूफरचा रकाना नसतो. आवाजाचं वेगळं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आमच्यासारख्या, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या गल्लीत बेस दोन घरं ओलांडून पाळण्यातल्या लेकरापर्यंत जातो.

भाच्याच्या गाडीत शेवटी कापलेल्या जागी नवा कपलर झाळून, वर हीट-श्रिंक नळी चढवून मूळ जोड पूर्ववत केला. मग हार्नेस लावून सीटखाली आठ इंची बसवला. पहिल्याच गाण्याला मागून झर्र झर्र आवाज आला आणि त्याचा चेहरा उतरला, स्पीकर फाटला म्हणून. मोबाईलवरून ३० ते ६० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत गेलो, तो एकेका जागी हात दाबत फिरला. मागच्या नंबर प्लेटवर तळवा ठेवला आणि आवाज थांबला. प्लेटच्या मागे फेल्टच्या दोन पट्ट्या, जॅकखाली जुन्या सतरंजीचा तुकडा, बस. दुकानदार अशा वेळी ब्युटाइलची काळी डॅम्पिंग शीट सुचवतात. ती चांगली असते, पण उन्हात एकदा पत्र्याला धरली की सोलून निघत नाही, म्हणून आम्ही ती लावली नाही.

मूळ सबवूफर कपलरवरून सुटा करून एका खोक्यात घातला. चार स्क्रू एका पुडीत, बोल्ट दुसरीत. खोक्यावर भाच्यानं स्केचपेननं लिहिलं: डिकी, उजवी बाजू, पांढरी पट्टी असलेली वायर प्लस. खोकं आता आमच्या माळ्यावर आहे.