खडीच्या वाटेसाठी बोथट पाते

विळी, कोयता, खुरपे किंवा कुऱ्हाड यांची धार गेली की आपण ती पुन्हा लावून घेतो. हत्यार जितके धारदार तितके काम चांगले, असा आपला रोजचा अनुभव आहे. पण एक काम असे आहे की, ज्यासाठी चांगले धारदार पाते मुद्दाम बोथट करावे लागते. ते काम म्हणजे खडीच्या वाटेवर साचलेला गाळ ट्रॅक्टरच्या पात्याने काढणे. असे का करावे लागते, हे समजण्यासाठी आपल्या पाठ्यपुस्तकातील दाब, बल आणि तरफ एवढीच प्रकरणे पुरेशी आहेत.

बाराशे घनमीटर पाणी

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम ६५ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात तो ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास असतो. मावळ तालुक्यात शेताकडे, गोठ्याकडे किंवा आडबाजूच्या घराकडे जाणाऱ्या अनेक वाटा डांबरी नाहीत. मुरूम दाबून त्यावर खडी पसरलेली, अशा त्या असतात. १०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी एक वाट घ्या. तिचे क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर झाले. तिच्यावर वर्षभरात ४ मीटर पाऊस पडला, तर पाण्याचे घनफळ १२०० घनमीटर, म्हणजे १२ लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे १२० टँकर त्या एका वाटेवर ओतल्यासारखेच हे आहे. वरच्या उतारावरून वाहत येणारे पाणी यात धरलेलेच नाही.

हे पाणी येताना शेताची आणि टेकडीची माती घेऊन येते. वेग कमी झाला की माती खाली बसते आणि खडीवर गाळाचा थर तयार होतो. कडेचा चर त्याच गाळाने भरला की पुढच्या सरीचे पाणी वाटेवरूनच वाहू लागते आणि वाट उखडते. म्हणून गाळ वेळेवर काढणे आवश्यक असते.

भाताची खाचरे सपाट करण्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडायचे लेव्हलरचे पाते बऱ्याच ठिकाणी असते. तेच वाटेवर फिरवावे असे कोणालाही वाटेल. पण पाते गाळाबरोबर खडीही ओढून नेते आणि चरात टाकते. समजा, एका खेपेत सरासरी २ सेंटिमीटर खडी गेली. ३०० चौरस मीटरवर तिचे घनफळ ६ घनमीटर होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. याचा अर्थ दोन ब्रासपेक्षा जास्त, वजनाने साडेनऊ टनांच्या आसपास खडी चरात गेली. ती विकत घेतलेली होती. शिवाय तिच्यामुळे चर बुजला तो वेगळाच! वाट दुरुस्त करण्यासाठी चालविलेले पातेच अशा रीतीने वाट बिघडविते.

बर्फाच्या देशातील तीच अडचण

हा प्रश्न मावळापुरता नाही. कॅनडा किंवा नॉर्वेसारख्या देशांत घरापुढची खडीची वाट हिवाळ्यात बर्फाखाली जाते. तेथेही ट्रॅक्टरला पाते लावून बर्फ ढकलतात आणि तेथेही पाते बर्फाबरोबर खडी उचलते. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील रोहतांग खिंडीत सीमा रस्ते संघटना यंत्रांनी बर्फ हटवून रस्ता खुला करते. पदार्थ वेगळे असले तरी दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. वरचा मऊ थर न्यायचा आहे, खालचा खडीचा थर जागेवर ठेवायचा आहे आणि या दोहोंतील फरक पात्याला कळत नाही.

तिकडे काढलेला एक साधा उपाय असा : लोखंडी पाइपला लांबीच्या दिशेने एक फट पाडायची आणि तो पाइप पात्याच्या खालच्या कडेवर टोपीसारखा चढवायचा. धार पाइपाच्या पोटात झाकली जाते आणि जमिनीला पाइपाचा गोल भाग टेकतो. एवढ्याने काय साधते?

दाबाचे गणित

ट्रॅक्टरमागचे एक पाते १.८ मीटर, म्हणजे १८० सेंटिमीटर लांब असून त्याचे वस्तुमान १५० किलोग्रॅम आहे असे समजू. त्याचे वजन सुमारे १५०० न्यूटन झाले. बहुतेक ट्रॅक्टरांची मागची उचल अवजाराला वर उचलते, खाली दाबत नाही. अवजार खाली येते ते स्वतःच्या वजनाने. म्हणून जमिनीवर फार तर हे १५०० न्यूटन बल पडेल.

पात्याची कड १.२ सेंटिमीटर जाड असेल, तर टेकणारे क्षेत्रफळ १८० × १.२ = २१६ चौरस सेंटिमीटर. दाब सुमारे ७ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर. हीच कड झिजून ०.४ सेंटिमीटरची धार झाली, तर दाब तिप्पट, म्हणजे सुमारे २१ होतो.

आता ७.५ सेंटिमीटर बाह्य व्यासाचा पाइप लावा. तो खडीत ०.५ सेंटिमीटर रुतला, तर त्याची किती रुंदी खडीला टेकेल? वर्तुळाच्या जीवेचा गुणधर्म आठवा. जीवेच्या अर्ध्या लांबीचा वर्ग हा तिला लंब असलेल्या व्यासाच्या दोन भागांच्या गुणाकाराइतका असतो. येथे ते भाग ०.५ आणि ७ सेंटिमीटर आहेत. गुणाकार ३.५, त्याचे वर्गमूळ सुमारे १.८७, म्हणून पूर्ण जीवा सुमारे ३.७ सेंटिमीटर. क्षेत्रफळ १८० × ३.७ = ६६६ चौरस सेंटिमीटर झाले. पाइपाच्या वजनाचे आणखी १५० न्यूटन धरले, तरी दाब सुमारे २.५ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच येतो. उघड्या कडेच्या मानाने तो जवळजवळ एक-तृतीयांश आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. उघडे पाते १ सेंटिमीटर रुतले काय किंवा ३ सेंटिमीटर रुतले काय, त्याच्या टोकाखालचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. पाइप मात्र १ सेंटिमीटर रुतला की जीवा ५ सेंटिमीटरच्या वर जाते आणि दाब १.८ न्यूटनपर्यंत उतरतो. जसजसा पाइप रुतू पाहतो तसतसा त्याला आधार वाढत जातो. म्हणजे रुतणे आपोआप थांबविण्याची सोय त्याच्या गोलाईतच आहे.

बलाची दिशा

दाब कमी झाला, पण वाटेत वर डोकावणाऱ्या खड्याचे काय? उभ्या पात्याची सपाट बाजू खड्याला आडवे, म्हणजे सरळ पुढे ढकलते. पात्याचे खालचे टोक पुढे झुकलेले असेल, तर ते खड्याच्या खाली शिरून त्याला उचलते.

गोल पृष्ठभाग मात्र खड्यावर स्पर्शबिंदूपाशी लंब दिशेने बल लावतो. घर्षण क्षणभर बाजूला ठेवा. पाइपाची त्रिज्या ३.७५ सेंटिमीटर आहे आणि खड्याचे टोक पाइपाच्या तळापेक्षा ०.५ सेंटिमीटर उंच आहे. आकृती काढून पाहा : स्पर्शबिंदूकडे जाणारी त्रिज्या उभ्या रेषेशी जो कोन करते, त्याची कोसाइन ३.२५ ÷ ३.७५, म्हणजे ०.८७ येते. हा कोन ३० अंशांचा! म्हणून खड्याला पुढे ढकलणारा घटक एकूण बलाच्या निम्मा, तर खाली दाबणारा घटक ०.८७ पट आहे. खडा उपटला जाण्याऐवजी मुरमात दाबला जातो आणि पाइप त्याच्यावरून चढून जातो. सायकलचे चाक लहान दगडावरून जाते ते याच भूमितीमुळे.

गाळाचा ढीग मात्र पाइपापेक्षा उंच साचतो. त्याला वरचे पाते भिडते आणि पूर्ण आडवे बल लावून पुढे ढकलते. अशा रीतीने आकारच निवड करतो. उंच साचलेले पुढे जाते आणि बुटके खाली दबते.

आपल्या शेतकऱ्यांना हा भेद अवजारांतून पूर्वीपासून ठाऊक आहे. कुळवाची पास धारदार असते, कारण तिने मातीखालून जाऊन तण कापायचे असते. ढेकळे फोडण्यासाठी फिरवायची फळी किंवा मैंद जाड व बोथट असतो, कारण त्याने मातीवरून सरकायचे असते. पाइप लावल्याने आपण कुळवाच्या पासेला मैंदाचे तळवे देतो, एवढेच.

उंची बांधून का चालत नाही?

कोणी विचारील की, पाते जमिनीच्या दोन बोटे वर अडकवून ठेवले तर पाइपाची गरज काय? याचे उत्तर तरफेत आहे. अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, ती हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यांच्या कामातून आली. १९३६ मध्ये बाजारात आलेल्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर ती होती. या जोडणीत उंची बांधली की अवजार आणि ट्रॅक्टर जणू एकच दांडा होतात.

समजा, पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांत २ मीटर अंतर आहे आणि पाते मागच्या आसाच्या १.५ मीटर मागे आहे. पुढची चाके १० सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेली, तर पाते ७.५ सेंटिमीटर वर उचलले जाते. मागची चाके त्याच खड्ड्यात आली की पाते १७.५ सेंटिमीटर खाली जाऊ पाहते! समरूप त्रिकोणांवरून ही उत्तरे तुम्ही स्वतः काढू शकाल. म्हणून पाते मोकळे सोडावे लागते. मग ते स्वतःच्या वजनाने जमिनीचे चढउतार अनुसरते आणि ते रुतू न देण्याचे काम पाइप करतो.

प्रत्यक्ष काम

पाइप जाड पत्र्याचा व लोखंडी हवा. काळ्या पाषाणाची खडी प्लास्टिकच्या पाइपला लवकर झिजवील. फट पात्याच्या जाडीपेक्षा किंचित रुंद ठेवतात. पाइप चिरताना त्यातील साठलेले ताण मोकळे होऊन तो थोडा उघडतो किंवा मिटतो, म्हणून फट पाडल्यावर पुन्हा मोजणे चांगले. पाइप पात्याला कायमचा न जोडता बोल्टांनी बसवावा, म्हणजे खाचरे सपाट करण्याच्या वेळी तो काढून धार पुन्हा वापरता येते. हे काम फॅब्रिकेशनच्या दुकानात जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. पाते जमिनीवर टेकविल्याशिवाय आणि इंजिन बंद केल्याशिवाय कोणीही त्याच्या खाली किंवा मागे हात घालू नये.

पाइप नसेल तर आणखी एक बिनखर्ची उपाय आहे. काही पाती खुंटीभोवती अर्धा फेरा फिरविता येतात. पाते उलटे करून फुगीर पाठ पुढे आणली की कड मागे फरफटते आणि खडी कमी उपटली जाते.

बर्फ आणि गाळ यांतील एक फरक मात्र विसरू नये. ताज्या बर्फाची घनता घनमीटरला १०० किलोग्रॅमच्या आसपास असते. ओल्या गाळाची १८०० पर्यंत जाते. तेवढ्याच आकाराचा ढीग १८ पट जड! म्हणून गाळ पातळ थरांनी, अनेक खेपांत आणि सावकाश काढावा. वेळही साधावी लागते. चिखल असताना गाळ खडीच्या फटींत शिरतो आणि पूर्ण वाळल्यावर तो कठीण होतो. अशा कठीण थरावरून पाइप नुसताच सरकतो, तेथे धारच हवी. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती मधली स्थिती उत्तम. वाटेचा मध्य कडेपेक्षा उंच ठेवावा आणि गाळ चरात न लोटता चराच्या पलीकडे टाकावा, नाहीतर पुढच्या पावसात तोच गाळ पुन्हा वाटेवर येईल.

करून पाहा

एका पसरट थाळीत ओल्या मातीचा थर द्या. त्यावर मोहरी पसरून हलकेच दाबा आणि वर लाकडाचा कोरडा भुसा पसरा. पोलादाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या खालच्या कडेला गोल पेन्सिल आडवी चिकटवा. वजन सारखे राहावे म्हणून दुसरीच्या वरच्या कडेला तशीच पेन्सिल चिकटवा. दोन्ही पट्ट्या उभ्या धरून, वरून न दाबता थाळीवरून ओढा. प्रत्येक वेळी भुशाबरोबर आलेले मोहरीचे दाणे मोजा. पेन्सिलीचा व्यास मोहरीच्या जवळजवळ चौपट असतो आणि आपला पाइपही २ सेंटिमीटर खडीच्या सुमारे चौपट जाड आहे. म्हणून हा प्रयोग म्हणजे वाटेची बऱ्यापैकी प्रमाणबद्ध प्रतिकृतीच आहे.

नंतर जाड आणि बारीक पेन्सिली वापरून हेच मोजमाप पुन्हा करा. व्यास बदलला की दाण्यांची संख्या कशी बदलते, याचा आलेख काढा. खडी मोठी असेल तेथे पाइप किती जाड घ्यावा, याचा अंदाज तुमचा तुम्हालाच त्यावरून बांधता येईल.