लॅम्परूमची खिडकी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला जाणाऱ्याला कोळसा शोधावा लागत नाही. ताडाळीहून आत वळलं की रस्त्याकडेच्या बाभळी काळ्या, घरांचे पत्रे काळे, चहाच्या टपरीवरचं प्लास्टिकही काळं. क्षितिजावर ज्या टेकड्या दिसतात त्या टेकड्या नव्हेत. ओपनकास्ट खदानींतून उपसलेल्या मातीचे ते ढिगारे आहेत. पाहुणा आला की घुग्घुसवाले त्याला ओपनकास्टच दाखवतात. अजस्र डंपर, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला खड्डा, तळाशी कोळशाचा पट्टा. ते पाहण्यासारखं आहे, नाही असं नाही. पण मला वर्षानुवर्षं ओढ आहे ती बंद पडलेल्या भूमिगत खदानींची, आणि त्यांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या इमारतींची.

भूमिगत खदान बंद झाली की इन्क्लाइनच्या, म्हणजे आत उतरणाऱ्या तिरप्या भुयाराच्या, तोंडावर पक्की भिंत येते, उभे शाफ्ट भरतात किंवा वरून काँक्रीटनं बंद करतात, रूळ आणि टब भंगारात जातात. जमिनीखालचं अख्खं गाव असं नाहीसं होतं. वर राहतात त्या चार-दोन इमारती. हॉलेजचं घर, पंख्याचं घर, हाजरीची खोली, वस्तीपासून मुद्दाम दूर बांधलेलं बारूदघर. आणि लॅम्परूम.

पार्श्वभूमी एका दमात सांगून टाकतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, बराकार थरांतला; ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची पानं त्याच्या शेजारच्या खडकात अजून उमटलेली सापडतात. ब्रिटिशांना एकोणिसाव्या शतकात त्याचा पत्ता लागला. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१च्या सुमारास सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. मग बल्लारपूर, मग एकेक करून बाकीच्या. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया उभी राहिली आणि हा मुलूख वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे इथल्या भाषेत ‘वेकोलि’च्या, ताब्यात आला. एवढं पुरे. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जुन्या गॅझेटिअरमध्ये मात्र एक नोंद आहे जी मला कोळशाच्या साऱ्या इतिहासापेक्षा गमतीची वाटते: भांदक आणि देवाळ्याबरोबर घुग्घुसचीही लेणी तिथे मोजलेली आहेत. म्हणजे इथला खडक कोरून आत शिरायची हौस कोळशाच्या कितीतरी आधीची.

आता लॅम्परूम. या पट्ट्यातल्या एका बंद खदानीवर मी एका निवृत्त ओव्हरमन (खाणीतले पर्यवेक्षक) काकांबरोबर गेलो होतो. रीतसर परवानगी काढून, सोबत सुरक्षारक्षक घेऊन, हे आधीच सांगतो. वेड्या बाभळीतून वाट काढत पुढे गेलो. काकांनी दुरूनच बजावलं, “आत या, पण भितीले टेकू नका. अन् वर पाहत राहा.” छपराचे सिमेंटचे पत्रे निम्मे कोसळले होते. लांबट, बसकी इमारत, जाड भिंती, आणि समोरासमोर दोन खिडक्या. एका खिडकीतून लॅम्प घ्यायचा, दुसरीतून परत करायचा. आत लोखंडी अँगलच्या मांडण्या गंजून तांबड्या झालेल्या; त्यांच्यावर पांढऱ्या रंगात घातलेले नंबर मात्र वाचता येत होते. खालच्या फरशीवर बॅटऱ्यांच्या तेजाबानं पडलेले खड्डे.

पद्धत साधी होती आणि कडक होती. प्रत्येक कामगाराचा नंबर असलेला धातूचा बिल्ला असे. पाळीवर जाताना बिल्ला खिडकीत द्यायचा, त्याच नंबरचा लॅम्प घ्यायचा. बिल्ला फळ्यावरच्या हुकाला अडकवला जाई. पाळी संपली की लॅम्प परत, बिल्ला परत. पाळी सुटून तास झाला आणि हुकाला बिल्ला लटकलेलाच आहे, याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. काका म्हणाले, “पोट्टा वर आला का नाही, हे त्याच्या मायच्या आधी लॅम्पवाल्याले समजे बाप्पा.” २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. तसा प्रसंग कुठल्याही खदानीवर आला, की ‘आत किती?’ या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाजरीच्या आणि लॅम्पच्या रजिस्टरात शोधावं लागतं.

लॅम्पची स्वतःची कथा तर एखाद्या अंकाला पुरेल. खाणीत मिथेन साठतो, आणि हवेत तो साधारण पाच ते पंधरा टक्के असला की ठिणगीनं स्फोट होतो. उघड्या दिव्यांनी इंग्लंडात माणसं मरत होती. १८१५ मध्ये हंफ्री डेव्हीनं ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली, एका चौरस इंचात ७८४ छिद्रं असलेली. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचतच नाही. पुढे एडिसनच्या कारखान्यातून टोपीवर लावायचा विजेचा लॅम्प आला, साधारण १९१५च्या सुमाराला. तरीही ज्योतीचा दिवा माइनिंग सरदारांच्या हातातून सुटला नाही, कारण तो उजेड देण्यापेक्षा वायू ओळखायच्या कामाचा. वात अगदी लहान करायची आणि दिवा हळूच छताशी न्यायचा. मिथेन असेल तर पिवळ्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी जितकी उंच तितका वायू जास्त. सव्वा टक्क्याची खूण दिसली की वीज तोडायची आणि माणसं बाहेर काढायची. उलट, दिवा खाली धरल्यावर ज्योत मलूल होऊन विझली, तर तिथे प्राणवायूच कमी. पुढं पाऊल टाकायचं नाही. दिव्याला कुलूप असे, आत कुणी तो उघडून बिडी पेटवू नये म्हणून.

बिडीवरून आठवलं. लॅम्पच्या खिडकीपाशीच झडती होई. काडेपेटी, बिडी, लायटर सगळं बाहेर. काका सांगत होते, गोरखपुरी, तेलंगी, छत्तीसगढी, मराठी अशी सगळी माणसं त्या ओळीत उभी असत, आणि झडतीवाल्याला शिव्या देण्यात मात्र भाषेची अडचण कुणालाच येत नसे. तंबाखूला मनाई नव्हती. कोलियरीतली माणसं तंबाखूवर का असतात याचं उत्तर मला त्या खिडकीपाशी मिळालं.

तिथे एक बाई काम करायच्या, असंही काकांनी सांगितलं. नवरा खदानीत दगावला, त्यांना त्याच्या जागी नोकरी लागली, पण जमिनीखाली नव्हे, लॅम्परूममध्ये. बायकांना भूमिगत कामाची बंदी आपल्याकडे १९२९च्या नियमांपासून टप्प्याटप्प्यानं आली. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९४३ मध्ये ती सरकारनं सोयीस्करपणे उठवली, युद्ध संपल्यावर पुन्हा लादली, आणि भूमिगत कामाची मोकळीक शेवटी २०१९ मध्ये मिळाली. तोवर ज्या बाईचा माणूस खाली गेला, तिनं रोज दुसऱ्यांच्या माणसांचे लॅम्प मोजायचे. या व्यवस्थेत माणुसकी होती की क्रौर्य, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

वरच्या इमारतींबद्दल इतकं. घुग्घुसच्या खाली नेमकं काय आहे याची आठवण ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांनाच झाली. अमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं, सुमारे साठ-सत्तर फूट खोल. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनं भूमिगत खोदकाम होतं. आसपासच्या शेकडो लोकांना तातडीनं हलवावं लागलं. जुन्या पद्धतीत कोळशाचे खांब सोडून मधल्या गल्ल्या काढत, छत त्या खांबांवर तोलून धरत. इथला थर इतका जाड, की हातानं खणायच्या काळात त्याचा काही भागच निघे. बाकीचा तसाच मागे राही. त्याला हवा लागली की तो आपसूक तापतो, धुमसतो. वर्धा खोऱ्यातल्या खदानींत धनबादकडच्या झरियाइतका गॅस नाही, पण ही आग आहे. खांब खचले, झिजले, पाणी शिरलं, की वरच्या जमिनीचा भरवसा उरत नाही.

म्हणूनच मोबाइल घेऊन अशा जागी परस्पर शिरणाऱ्या तरुण मंडळींचं मला कौतुक वाटत नाही. भिंत फोडून इन्क्लाइनमध्ये डोकावणं म्हणजे ज्योतही विझेल अशा हवेत उतरणं. त्या हवेला वास नसतो आणि ती सूचना देत नाही. वर झाडोऱ्यात वाघ असतात. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या बाभूळबनांत त्यांचा वावर आता नवलाचा राहिलेला नाही.

अशा जागा सुरक्षितपणे दाखवताही येतात. वेल्समधली बिग पिट ही खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. आजही तिथे पाहुण्याचा मोबाइल आणि घड्याळ काढून घेतात, कमरेला बॅटरी आणि डोक्यावर लॅम्प देतात, मगच खाली सोडतात. आपल्याकडेही वेकोलिनं राज्याच्या पर्यटन महामंडळाबरोबर २०१६ मध्ये सावनेरला खाण पर्यटन सुरू केलं. चांगलं आहे, जरूर पाहा. पण तिथलं भुयार पाहुण्यांसाठी तयार केलेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात माणसांनी खरोखर वापरलेल्या लॅम्परूम अजून उभ्या आहेत, आणि त्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या पडताहेत. एकच निवडावी, तिला छप्पर घालावं, मांडण्यांवरचे नंबर तसेच ठेवावेत. खर्च एखाद्या डंपरच्या टायरांहून फार जास्त येणार नाही.

कोलियरीत आयुष्य गेलेल्या घरांना माझी एक विनंती. तुमच्या आजोबांचा, वडिलांचा बिल्ला, जुना दिवा, पाळीचं कार्ड, हाजरीची वही असं काही पेटीत पडलं असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला देऊ नका. त्यावरचा नंबर, खदानीचं नाव आणि माणसाचं नाव एका कागदावर लिहून त्याच पेटीत ठेवा.