साप पकडायला शिकायचंय? मोबाईलवरून नको, जाणत्या सर्पमित्राच्या मागं फिरा

जळगाव : पावसाची झड लागली की सर्पमित्रांचे फोन वाजायला लागतात. रावेर-यावलकडच्या केळीत, चोपडा-शिरपूरच्या कापसात, घरामागं रचलेल्या पऱ्हाट्यांत, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत साप निघतो. गावात जाणता माणूस एखादाच, तोही वयानं थकत चाललेला. त्यामुळे नवी पोरं तयार व्हायला पाहिजेतच. पण हल्ली कितीतरी जण व्हिडिओ पाहूनच सर्पमित्र होतात आणि पहिल्याच नागाला मान धरून उचलतात, फोटोसाठी. घात होतो तो तिथंच.

जुना सर्पमित्र पोरांना शिकवतो ते फुकटच. पेट्रोल त्याचं, निंदणी-फवारणी सोडून दिलेला वेळही त्याचाच. चांगला शिकवणारा नव्याच्या हातात लगेच काठी देत नाही. आधी गर्दी मागं सारायची, बॅटरी धरायची आणि सापावरची नजर हटू द्यायची नाही. पोरांना हे काम हलकं वाटतं. पण साप पाहायला लोटलेली माणसं आवरता आली नाहीत तर पकडणारा काय करणार?

मग ओळख. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप झोपेतही ओळखू आले पाहिजेत. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत भले भले फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे बहुधा उलटे, डोक्याकडे ठळक. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, तिला अजगराचं पिल्लू समजून हात घालणारेही आहेत. खात्री नसेल तर साप विषारीच धरायचा.

पकडताना मानेला हात लावायचाच नाही, हा पहिला धडा. पाइपच्या तोंडाला पिशवी बांधून ठेवायची, आकड्यानं सापाला हळूच तिकडं वळवायचं. अंधारं भोक दिसलं की तो आपणहून आत शिरतो. यात दिखावा काहीच नाही, म्हणून असे व्हिडिओ फार चालत नसावेत. एकट्यानं जायचं नाही, दारू पिऊन तर नाहीच. पकडलेला साप घरी ठेवायचा नाही, खेळ करायचा नाही. वनखात्याला कळवून जवळच्याच योग्य जागी सोडायचा.

कायद्याचीही गोष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे, पकडणं आणि सापळा लावणंही त्यात येतं. म्हणजे मनानं साप धरत फिरणारा कायद्यानं शिकारीच ठरू शकतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचं उदाहरण घ्या. तिथं नागपंचमीला जिवंत नाग पूजायची प्रथा न्यायालयाच्या आदेशानं थांबली. २०२५ मध्ये केंद्रानं २१ जणांना नाग पकडायची परवानगी दिली, तीही स्थानिक तरुणांना पारंपरिक ज्ञान शिकवण्यापुरती. करमणूक नाही, स्पर्धा नाही. शिकवण्यासाठीसुद्धा दिल्लीची परवानगी लागली, तर गल्लीतल्या रीलला कोण माफ करणार?

शिकाऊ पोराला दंशाची तयारीही माहीत हवी. प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडं न्यायचं नाही. हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. मण्यारीच्या दंशात दुखत नाही, सुजही येत नाही; थोड्या वेळानं पापण्या जड होतात. म्हणून ‘काही होत नाहीये’ म्हणत घरी बसायचं नाही.

गावात सर्पमित्र नसेल तर वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर लावा. माणूस येईपर्यंत लहान पोरांना आणि जनावरांना लांब न्या, एकानं दुरून सापावर नजर ठेवा. तो कुठल्या सांदीत शिरला एवढं सांगता आलं, तरी येणाऱ्याचं अर्धं काम होतं.