पांझरेचा पाटकरी आणि पोटातली पिशवी

मे महिन्यात अमळनेरहून धुळ्याला जायचं असलं की माझी आत्या आदल्या संध्याकाळपासूनच पाण्याचा तांब्या दूर सारते. पारा ४४-४५ अंशांवर, एसटीच्या खिडकीचा गज हाताला चटका देतोय, आणि ही ७२ वर्षांची बाई नुसते ओठ ओले करून बसलेली. का म्हणून विचारलं तर म्हणते, "रस्तामा कोठे जासू मी?" खोकताना, हसताना, घागर उचलताना तिची लघवी निसटते. हे तिनं चार वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला कळलं ते मागच्या दोरीवर वाळणाऱ्या जुन्या लुगड्याच्या घड्या पाहून.

तेव्हापासून मी या एका पिशवीबद्दल वाचत सुटले. लाज वाटावी असं त्यात काहीच सापडलं नाही. सापडलं ते थक्क करणारं.

आपली मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, जवळजवळ सगळं पाणी रक्ताला परत देतात आणि दीड-दोन लिटर तेवढं टाकून द्यायला ठेवतात. ते खाली आपोआप घरंगळत येतं असं मला वाटायचं. तसं नाही. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या वीतभर लांब नळ्या स्नायूंच्या लाटांनी ते थेंबाथेंबानं पुढे ढकलतात. माणूस आडवा असो की उभा, जागा असो की झोपलेला, त्या लाटा थांबत नाहीत.

आता मूत्राशय. आपल्याकडे भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण आहे. पाणी चढत जातं तसा तिथल्या भिंतीवरचा दाब वाढत जातो, आणि मग ४१ दरवाज्यांपैकी काही उघडावे लागतात. मूत्राशय भरतानाही दाब असाच वाढत असेल असं कुणालाही वाटेल. पण निरोगी मूत्राशय रिकामं असताना आणि त्यात ३०० मिलीलिटर साठलेले असताना आतला दाब फारसा बदलतच नाही. पिशवीचा स्नायू भरता भरता सैलावत जातो आणि आतल्या अस्तराच्या घड्या उलगडत जातात. त्या अस्तराच्या सर्वांत वरच्या पेशींना शास्त्रज्ञ छत्रीपेशी म्हणतात. त्या पसरतात, चपट्या होतात आणि लघवीतले विषारी पदार्थ रक्तात परत झिरपू देत नाहीत. चारशे-पाचशे मिलीलिटर मावतील अशी ही धरणभिंत दिवसातून सहा-सात वेळा ताणली जाते, पुन्हा आकसते, आणि सत्तर-ऐंशी वर्षं टिकते.

पिशवी भरली हे कळतं कसं? या कोड्याचा एक धागा अलीकडेच हाती लागला. दाब पडला की उघडणारी सूक्ष्म प्रथिनं आर्डेम पटापुटियन यांनी शोधली. त्यांतलं एक, पिएझो-२, मूत्राशयाचा ताण मेंदूला कळवतं, हे २०२० साली दिसून आलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत. ज्युलियस यांनी शोधलं होतं की मिरचीचा तिखटपणा आणि आगीचा दाह एकच प्रथिन ओळखतं. खान्देशी शेवभाजीनं जीभ भाजल्यासारखी का वाटते त्याचं उत्तर आणि आत्याला लघवीची जाणीव कशी होते त्याचं उत्तर, अशी दोन उत्तरं एकाच पारितोषिकात शेजारी शेजारी बसली आहेत, याचा मला फार आनंद झाला.

पण खरी कमाल पुढे आहे. धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे, पांझरेवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाचं पाणी कोणत्या शेताला कधी सोडायचं ते ठरवणारा पाटकरी. शेताचा मालकही स्वतःच्या मनानं दारं फोडत नाही. आपल्या मेंदूच्या मुळाशी असाच एक पाटकरी बसलेला आहे. बॅरिंग्टन नावाच्या संशोधकानं १९२५ साली मांजरांवर प्रयोग करून त्याचा ठावठिकाणा लावला. तो इशारा देतो तेव्हा पिशवी आवळते आणि त्याच क्षणी खालचं दार सैल होतं. दोन्ही एकदम, विरुद्ध दिशांनी. आणि या पाटकऱ्यावरही हुकूम चालतो तो कपाळामागच्या मेंदूचा: आत्ता नको, पाहुणे बसलेत. दोन-तीन वर्षांचं पोर करंगळी वर करायला शिकतं, तेव्हा ते खरं तर ही साखळी शिकत असतं. आपल्या आयुष्यातलं हे पहिलं मोठं शिक्षण, आणि ते झालं होतं हेसुद्धा आपल्याला आठवत नाही.

दार उघडल्यावरही एक अद्भुत गोष्ट घडते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की तीन किलोहून मोठ्या सस्तन प्राण्यांना मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंद लागतात. हत्तीच्या पिशवीत १८ लिटर मावतं, तरी वेळ जवळपास तेवढाच. प्राणी मोठा तशी नळी लांब आणि रुंद, आणि उंचीमुळे धार तितकी वेगवान.

वय होतं तशी या साखळीची एकेक कडी कुरकुरायला लागते. पिशवीचा स्नायू पूर्ण भरायच्या आधीच आवळू पाहतो, म्हणून एकाएकी घाई. कपाळामागचा हुकूम थोडा उशिरा पोचतो, म्हणून दारापर्यंत जाण्याआधीच ओलं. तरुणपणी रात्री एक संप्रेरक वाढून लघवी कमी करतं. म्हातारपणी ती रात्रीची वाढ मंदावते. शिवाय दिवसभर उभं राहून पायांत उतरलेलं पाणी, आडवं झालं की रक्तात परतून मूत्रपिंडांकडे येतं. सुजलेल्या पायांचं पाणी रात्री दोन वाजता लघवी होऊन उठवतं! हे कळल्यावर मी आत्याला दुपारी तासभर उशीवर पाय ठेवून पडायला सांगितलं. आता ती रात्री चारऐवजी दोनदा उठते. प्रत्येकाला इतकाच फरक पडेल असं नाही, पण अंधारात घाईघाईनं उठताना पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. रात्रीचा एक दिवा आणि खाटेजवळ एक भांडं यांना औषधाइतकंच मोल आहे.

बायकांचं एक वेगळं आहे. कटिभागाच्या तळाशी स्नायूंची एक वीण असते, बाजेच्या सुंभासारखी. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदमार्ग तिच्यावर टेकलेले. बाळंतपणं, डोक्यावरची ओझी, वर्षानुवर्षांचा मलावरोध आणि पाळी गेल्यावर ओसरणारी संप्रेरकं यांनी ती वीण सैलावते. मग खोकला आला की लघवी निसटते, कधी अंग बाहेर येतं. पण बाज सैल झाली म्हणून कुणी मोडीत काढतं का? पायथ्याची दोरी ओढून ती पुन्हा ताणतात. ही वीणसुद्धा ताणता येते. अमेरिकेत अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तिचा व्यायाम मांडला, आणि हठयोगातला मूळबंध त्याच्या फार जवळचा आहे. वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो तेच आवळायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. एका वेळी आठ-दहादा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत, लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. एकाएकी घाई आली तरी पळत सुटू नये. थांबावं, चार-पाच वेळा पटापट आवळावं, लाट ओसरली की सावकाश जावं. म्हातारा पाटकरीही नव्यानं शिकतो. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टर सिलिकॉनची रिंग बसवतात. प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागतेच असं नाही.

पुरुषांचं दुखणं उलट्या बाजूचं. तरुणपणी अक्रोडाएवढी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि मधून जाणारी नळी आवळते. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, आणि जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही. मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्यामधल्या दगडासारख्या गाठीनं लघवी अडते, असं वर्णन सुश्रुतसंहितेत वाताष्ठीला या नावानं आलेलं आहे. अशा माणसानं सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत; त्यांतल्या काहींनी लघवी पुरती तुंबते. तुंबली तर ते तातडीचं काम आहे, सकाळची वाट पाहायची नाही. लघवीतून रक्त गेलं, न दुखता गेलं तरी, तपासून घ्यायचंच. आणि म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं तर बाहेरची बाधा शोधत बसू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर किंवा एखादं नवं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. त्याला दवाखान्यात न्यावं.

आता आत्याच्या तांब्याकडे येते. लघवीला जळजळ होऊन थेंबथेंब होणं याला मराठीत 'उन्हाळी लागणे' म्हणतात. ऋतूचं नाव दुखण्याला देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी किती नेमकं पाहिलं होतं! घामानं पाणी जातं, लघवी घट्ट होते, घट्ट लघवी पिशवीला डिवचते आणि घाई वाढते. म्हणजे लघवी निसटू नये म्हणून पाणी तोडणारी बाई ती निसटण्याचीच तयारी करत असते. वर मुतखडा आणि जंतुसंसर्ग यांना आमंत्रण. पाणी सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर प्यावं, झोपण्याआधीचे दोन तास कमी करावं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यानं मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

पण निम्मा दोष आत्याचा नाहीच. कापूस वेचणारीनं आणि केळीच्या बागेत राबणारीनं जायचं कुठे, हा प्रश्न आपण कधी मनावर घेतलेला नाही. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली. खान्देशातल्या बसस्थानकांना आणि आठवडे बाजारांना तिची गरज कमी नाही. आणि गप्प बसण्याची किंमत किती असते ते डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली दाखवून दिलं. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के.

धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना तीन दिवसांची वही न्यावी: किती वाजता किती पाणी प्यायलं, किती वाजता लघवी झाली, कधी निसटली. बोलायला जीभ रेटत नसेल तर वही बोलते. आत्यानं नातवाच्या जुन्या वहीत रेघा मारून ती लिहिली, डॉक्टरीण बाईंच्या हाती दिली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला नीट प्रश्न विचारले.

तुमच्या घरात साठीपुढचं कुणी असेल तर आज संध्याकाळी शेजारी बसा आणि विचारा: दुपारपासून पाणी किती प्यायलीस, आणि कमी प्यायली असशील तर का?