पाठचा वारा आणि एक काठी

द्वितीय वर्ष, कला

‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. वारा पाठीशी असला म्हणजे झाले, मग माणसाने हातपाय हलवले नाहीत तरी चालते, असा तिचा सोयीस्कर अर्थ आपण घेतो. ही म्हण पाडणारा गृहस्थ घाटावरचा असावा असा मला दाट संशय आहे. ज्याने एकदा तरी शिडाची होडी हाकली आहे त्याच्या तोंडून ती निघणार नाही. समोरून येणारा वारा भांडखोर असतो, पण तो आपले भांडण उघडपणे करतो. पाठचा वारा मात्र आपला मित्र आहे असे भासवतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. त्यासाठी माझ्या मैत्रिणीच्या कपाळावर तीन टाके पडले आहेत.

आमचे घर मालवण किनाऱ्यावरचे. आजोबा तरुणपणी गोव्याकडे माल नेणाऱ्या मचव्यावर खलाशी होते. वडिलांच्या काळात होडीला यंत्र आले आणि शीड माळ्यावर गेले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. येथे आल्यावर एन.सी.सी.च्या नौदल विभागात नाव घातले, तेव्हा वडील म्हणाले, “यंत्र आले म्हणून घर उभे राहिले आणि तू शिकूनसवरून परत शीड धरणार?” याला मजजवळ तेव्हा उत्तर नव्हते.

शिबिरात आम्हांला ‘एंटरप्राइज’ जातीची होडी मिळाली. ही सव्वातेरा फुटांची, दोघांनी चालवायची, निळ्या शिडांची होडी १९५६ साली प्रथम पाण्यात आली. तिचे आरेखन जॅक होल्ट या इंग्रजाचे. तिला दोन शिडे असतात. एक मोठे, डोलकाठीच्या मागे. त्याच्या खालच्या कडेला जी आडवी काठी असते तिला बूम म्हणतात. दुसरे लहान, डोलकाठीच्या पुढे. वारा पाठीमागून येऊ लागला की मोठे शीड लहानाच्या आड येते आणि लहान शीड भिजलेल्या टॉवेलासारखे लोंबते. अशा वेळी एक हलकी काठी घेऊन तिचे एक टोक डोलकाठीला व दुसरे लहान शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याला अडकवतात आणि ते शीड मोठ्या शिडाच्या विरुद्ध बाजूला ताणून धरतात. मग होडी पंख पसरलेल्या पाखरासारखी दिसते.

त्या दिवशी सुकाणू माझ्या हाती होते. मैत्रिणीने पुढे वाकून काठी लावली. शीड फुगले. ते इतके सुंदर दिसत होते की मी त्याच्याकडेच पाहत राहिले, आणि तेवढ्यात होडीचे तोंड थोडे वळले. वारा मोठ्या शिडाच्या मागल्या कडेकडून आत शिरला. बूम या अंगावरून त्या अंगाला खाडकन फिरली. मैत्रीण नेमकी त्याच क्षणी सरळ उभी राहत होती. पुढच्या पळात होडी आडवी आणि आम्ही दोघी खाडीत.

दवाखान्यातून परतताना तिने विचारले, “वारा तर पाठीशी होता, मग आपण उलटलो कशाने?” मला सांगता आले नाही. पुढच्या शिबिराला तिने नाव दिले नाही. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचे, थोडे उशिरा दिलेले, उत्तर आहे.

पाठच्या वाऱ्याच्या तीन खोड्या आहेत. पहिली म्हणजे तो आपले बळ लपवतो. समजा, वारा ताशी पंधरा सागरी मैलांचा आहे आणि होडी त्याच्याच दिशेने सहा मैलांनी चालली आहे. होडीतल्या माणसाला वारा लागतो तो फक्त नऊ मैलांचा! गालाला झुळूक लागते, अंगावर पाणी उडत नाही, कोणीतरी गाणे म्हणू लागते. आता काही कारणाने होडी वळवून वाऱ्याच्या तोंडावर पाच मैलांनी नेली, तर तोच वारा वीस मैलांच्या आसपास लागेल. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नवाचा वर्ग एक्क्याऐंशी आणि विसाचा चारशे. म्हणजे वारा जराही न वाढता शिडावरचा भार जवळजवळ पाचपट होतो.

दुसरी खोडी सावलीची. आडव्या वाऱ्यात शिडाच्या दोन्ही अंगांनी वारा वाहत जातो आणि शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. वारा मागून आला की हे वाहणे थांबते. शीड नुसते वारा अडवते आणि ढकलले जाते. त्यातच मागचे मोठे शीड पुढच्या शिडाचा वारा खाऊन टाकते.

तिसरी खोडी सर्वांत वाईट. आडव्या वाऱ्यात होडी एका अंगाला कलून स्थिर राहते, कारण वारा तिला एका बाजूने रेटून धरतो. पाठच्या वाऱ्यात तिला असा आधार नसतो, म्हणून ती पाळण्यासारखी झुलते. झुलताना तोंड चार-दोन अंश इकडेतिकडे झाले की वारा बूमच्या चुकीच्या बाजूला शिरतो. मग जे होते त्याला नावाडी ‘जाइब’ म्हणतात. मुद्दाम, दोर आवरून केली तर ती एक साधी क्रिया आहे. नकळत झाली तर तो अपघात.

आता मोठ्या नौकांकडे वळू. त्यांच्यावर हलक्या वाऱ्यासाठी जेनेकर नावाचे शीड असते. ‘जेनोआ’ आणि ‘स्पिनेकर’ या दोन शिडांच्या नावांची ही संधी आहे. जेनोआ हे नाव इटलीतल्या बंदरावरून आले. ते आडव्या वाऱ्याचे मोठे शीड. स्पिनेकर हे पाठच्या वाऱ्याचे, फुग्यासारखे, दोन्ही बाजू सारख्या असलेले. जेनेकर नरसिंहासारखे आहे, धड ना हे ना ते. कापड पातळ नायलॉनचे, पोट फुगीर, पण दोन्ही कडा असमान. त्याचा पुढचा खालचा कोपरा नाळेवर, म्हणजे नौकेच्या अगदी पुढच्या टोकाशी, बांधलेला असतो. वारा बाजूने किंवा तिरका मागून आला तर हे शीड उत्तम ओढते. पण वारा अगदी पाठीवर आला की ते मोठ्या शिडाच्या सावलीत सापडते आणि कोसळते. पुन्हा फटकन फुगते, पुन्हा कोसळते. अशा झटक्यांनी पातळ कापड फाटायला वेळ लागत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे सरळ जायचेच नाही. वारा तीस अंशांनी तिरका घेऊन आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला असे नागमोडी जायचे. यात वाट सुमारे पंधरा टक्क्यांनी लांबते. वेग त्याहून अधिक वाढत असेल तर फायदा. शर्यतीतले लोक बहुधा हेच करतात. दुसरा उपाय आमच्या छोट्या होडीतलाच: काठी! शिडाचा तो पुढचा कोपरा नाळेवर न ठेवता काठीच्या टोकावर घेऊन वाऱ्याच्या बाजूला बाहेर काढायचा, म्हणजे शीड सावलीतून उन्हात यावे तसे वाऱ्यात येते.

ही काठी कशी लावतात ते मी गेल्या हिवाळ्यात गोव्यात पाहिले, आणि नुसते पाहिले नाही तर केले. आमच्या प्रशिक्षक सरांनी ओळखीने मला एका चौतीस फुटी नौकेवर दिवसभर मदतनीस म्हणून पाठवले होते. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो पडला की दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो. दक्षिणेकडे निघालेल्याच्या तो जवळजवळ पाठीवरच असतो. नौकेच्या कप्तानांनी मला पुढे बोलावले व म्हणाले, “काठी तू लाव. मी फक्त बघतो.”

पहिला नियम असा, की काठी आधी आणि शीड नंतर. काठीची लांबी साधारणपणे डोलकाठीपासून नाळेवरच्या ताणदोरापर्यंतच्या अंतराएवढी असते. तिचे आतले टोक डोलकाठीवरच्या कडीत अडकते. बाहेरचे टोक तीन दोरांनी हवेत पक्के करायचे: एक वर उचलणारा, त्याला टॉपिंग लिफ्ट म्हणतात, दुसरा पुढे व खाली ओढणारा, तो फोरगाय, तिसरा मागे ओढणारा, तो आफ्टरगाय. या दोन गायींना शिंगे नसतात, पण दुर्लक्ष केल्यास मारतात मात्र जरूर. तिन्ही दोर ताणले की काठी शीड नसतानाही जागच्या जागी स्थिर राहिली पाहिजे. ती सैल सुटली आणि पुढे जाऊन ताणदोरावर आपटली तर वाकते किंवा मोडते.

चौथा दोर शिडाचा. तो शिडाच्या पुढच्या कोपऱ्याला बांधून काठीच्या टोकावरच्या जबड्यातून मोकळा ओवून मागे नेतात. त्याच कोपऱ्याला नाळेवरून येणारा नेहमीचा दोरही असतोच. शिडाच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्याला जो दोर असतो त्याला शीट म्हणतात. (शीट म्हणजे कागद नव्हे, दोर, मी पहिल्या दिवशी सरांना कोरा कागद नेऊन दिला होता.)

दुसरा नियम: बूम बांधून टाकायची. बूमच्या टोकापासून एक दोर पुढे नाळेकडे नेऊन ताणून ठेवतात, म्हणजे तोंड चुकून वळले तरी बूम फिरत नाही. याचे नाव प्रिव्हेंटर. हा दोर मी त्या दिवशी दोनदा तपासला. कप्तानांनी कारण विचारले नाही.

तिसरा नियम: शीड चढवण्यापूर्वी प्रत्येक दोर टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपायचा. मी चाचपत गेले तर शीट ताणदोराच्या चुकीच्या बाजूने गेलेली! तशीच चढवली असती तर शिडाची पिळवटलेली मोळी झाली असती. ती सोडून पुन्हा लावली, तेव्हा “आता बरोबर” एवढेच शब्द मागून आले.

मग जेनेकर वर गेले, पण पिशवीतून. त्यावर कापडाचा एक लांब मोजा असतो. मोज्यासकट शीड वर चढवायचे, सर्व ठीक आहे हे पाहायचे आणि मग मोजा वर ओढायचा, की शीड खालून उमलत जाते. आरंभी कोपरा नाळेवरच ठेवायचा. शीड फुगले की नाळेवरचा दोर हळूहळू सोडायचा आणि त्याच वेळी काठीतला दोर ओढायचा. कोपरा नाळ सोडून काठीच्या टोकाकडे सरकत जातो. उतरवताना नेमके उलट: कोपरा परत नाळेवर आणायचा, शीट सैल करून शीड मोठ्या शिडाच्या सावलीत घ्यायचे आणि मोजा खाली ओढायचा. जी सावली इतका वेळ शत्रू होती तीच शेवटी उपयोगी पडते.

काठी वाऱ्याशी साधारण काटकोनात ठेवावी आणि तिची उंची अशी असावी, की शिडाचे खालचे दोन्ही कोपरे एका पातळीत येतील. त्या दुपारी एका बाजूला मोठे शीड, दुसऱ्या बाजूला काठीवरचे जेनेकर असे पसरले तेव्हा नौकेचे झुलणे लक्षात येण्याइतके कमी झाले. भार दोन्ही अंगांना वाटला गेला होता. या वेळी मात्र मी शिडाच्या सौंदर्याकडे पाहिले नाही. बूमकडे, दोरांकडे आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या रंगाकडे पाहत राहिले. वाऱ्याची झोत जवळ आली की पाणी काळवंडते. कप्तान म्हणाले, “हे शीड उतरवावे का, असा प्रश्न मनात आला की समजावे, उतरवायची वेळ होऊन गेली.” आणि पाणी काळे दिसताच आम्ही ते उतरवले.

हे सारे हौशी लोकांचे खेळ आहेत असे कोणाला वाटेल. परंतु आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जग फिरून आल्या. त्याच ‘तारिणी’तून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्यातून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. दक्षिण महासागरात पश्चिमेचे वारे आठवडेच्या आठवडे मागून लोटत असतात. तेथे पाठचा वारा म्हणजे काय हे त्यांना पुरते कळले असणार.

घरी आल्यावर मी वहीत आकृती काढून आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ह्यो तर बांबू!” मचव्यावर वारा पाठीला आला की तेही शिडाचे टोक बांबूने बाहेर धरीत असत. मग ते म्हणाले, “पाठचो वारो गोड बोलता. तेच्यार इस्वास ठेवचो न्हय.” वडील शेजारीच जाळे विणत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण आकृती पाहण्यासाठी त्यांनी मान वळवली.

माझ्या मैत्रिणीला आता मी सांगू शकते. वारा पाठीशी होता म्हणूनच आपण उलटलो. पाठीशी वारा आहे असे कळले की माणूस पाहणे सोडतो, आणि मी पाहणे सोडले होते. चूक काठीची नव्हती, वाऱ्याची नव्हती, तुझी तर नव्हतीच. येत्या शिबिराची यादी सूचनाफलकावर लागली आहे. या वेळी सुकाणू तू घे, काठी मी लावते.