थकलेली बोटे आणि मोज्याची टाच

जयपूरचा हिवाळा मुंबई-कोकणाकडच्या माणसाला प्रथम चकवतो. दुपारी गच्चीवर बसावे तर ऊन हवेहवेसे वाटते आणि थंडीच्या गोष्टी अतिशयोक्तीच्या वाटू लागतात. परंतु सूर्य मावळला की पायांखालची फरशी गार पडते आणि जानेवारीतल्या रात्री पारा आठ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. अंगावर शाल घेता येते, हात रजईत दडवता येतात. पण पहाटे उठून स्वयंपाकघराकडे निघालेल्या पावलांना मोज्यांवाचून गत्यंतर नसते. नोकरीधंद्याच्या निमित्ताने इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांतील स्त्रियांना लोकरीचे विणकाम माहेराहून क्वचितच मिळालेले असते. ते बहुधा इथल्याच गच्चीवर, उन्हाला पाठ देऊन, शेजारणीच्या बोटांकडे पाहता पाहता उचललेले असते.

१९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा देशभरच्या स्त्रियांनी सीमेवरील जवानांसाठी लोकरीचे कपडे विणून पाठविले. त्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्या कपाटात सुया असतात, अर्धवट राहिलेला लोकरीचा गुंडाही असतो. मात्र बोटे आखडतात, टाका निसटतो, निसटलेला दिसत नाही. म्हणून ‘आता माझ्याच्याने होत नाही’ असे म्हणून तिने ते सारे मिटवून ठेवलेले असते. बाजारात मोजे स्वस्त मिळतात, हे खरे. पण घरातल्या कुणाच्या तरी पायांना आपल्या हातची ऊब मिळते, हे समाधान बाजारात मिळत नाही. ते एकदा गेले की आपण आता केवळ घेणारे उरलो, असे वृद्ध मनाला वाटू लागते. म्हणून असे हात थांबतात तेव्हा नेमके काय थांबलेले असते, कला की केवळ वेग, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मोजा ही वस्तू साधी दिसते, तशी ती नाही. इजिप्तमध्ये सापडलेले सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे लोकरीचे मोजे अंगठ्यापाशी दुभंगलेले आहेत. कारण ते पट्ट्याच्या चपलांवर घालावयाचे होते. आपल्याकडे हिवाळ्यात चपलेवर घालतात त्या अंगठ्याच्या मोज्यांचेच हे पूर्वज म्हणावयाचे! मात्र ते एकाच सुईने, धागा फासांतून ओवून बनविलेले होते. दोन वा अधिक सुयांचे विणकाम पुढे कित्येक शतकांनी आले. १५८९ साली विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. त्यात प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई असल्याने संपूर्ण ओळ एकदम विणली जाई. हाताला ती सोय नाही. हाताने एका वेळी एकच टाका पडतो, आणि तसल्या हजारो टाक्यांचा मिळून एक मोजा होतो.

माणसाच्या पायाला घोट्यापाशी काटकोन आहे. लोकर मात्र सरळ नळीसारखी विणली जाते. या नळीला वळण द्यावयाचे ते टाचेपाशी. त्यासाठी निम्मे टाके बाजूच्या सुयांवर स्वस्थ ठेवावयाचे आणि उरलेल्या निम्म्यांवर मागेपुढे विणून एक लहानशी पट्टी करावयाची. मग तिच्या मधल्या भागावर विणताना ओळ पुरी न करता अलीकडूनच परत फिरावयाचे आणि प्रत्येक परतीच्या वेळी कडेचा एकेक टाका आत ओढून घ्यावयाचा. अशाने सपाट पट्टीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. पुढे पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलून पुन्हा गोल फेऱ्या सुरू होतात. एकदा हे समजले की टाच विसरत नाही. पण चार बारीक सुयांवर टाके सांभाळीत ती वळवताना बोटांची जी कसोटी लागते, ती स्वेटरच्या पाठीला लागत नाही. उतारवयात सर्वांत आधी सुटतो तो मोजाच, तो याच कारणाने.

आता हाताकडे पाहू. बोटांची हालचाल करणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि कंडरांच्या दोऱ्यांनी बोटे ओढतात. तासभर विणल्यावर दुखते ते पुष्कळदा बोट नसून हा हाताचा भाग असतो. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, बोटांच्या टोकाकडील सांध्यांतली आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेली कूर्चा झिजू लागते व तेथे हाडांच्या लहान गाठी दिसू लागतात. अठराव्या शतकातील विल्यम हेबर्डन या वैद्याच्या नावाने टोकाकडील गाठी वैद्यकात ओळखल्या जातात. या झिजेमुळे सकाळी हात आखडतो, पण थोड्या हालचालीने तो मोकळा होतो. याहून वेगळा आहे तो आमवात. त्यात दोन्ही हातांचे सांधे सुजतात, ऊन लागतात आणि सकाळचा ताठरपणा तास तास टिकतो. तेथे सुया बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. कारण वेळीच उपचार झाले तर हात वाकडे होणे पुष्कळ अंशी टळते.

झिजलेला सांधा पुन्हा नवा होत नाही. पण विणण्याचे ज्ञान सांध्यात नसते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी एका रुग्णाचा अभ्यास केला. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर त्याला नव्या घटना लक्षात राहत नसत. आरशात पाहून आकृती गिरविण्याचे काम त्याला दिले असता तो रोज ‘हे मी पूर्वी कधी केले नाही’ असे सांगे आणि रोज आदल्या दिवसापेक्षा अधिक सफाईने ते करी. हातांचे शिक्षण मेंदूत वेगळ्या वाटेने साठते, हे त्यावरून दिसून आले. १९८४ साली टिमोथी सॉल्टहाउस यांनी तरुण व वृद्ध टंकलेखकांची तुलना केली. वृद्धांची बोटे सुटी सुटी हलविताना मंद होती, तथापि मजकूर टंकित करण्याचा त्यांचा वेग तरुणांहून कमी नव्हता. कारण त्यांची नजर मजकुरात अधिक पुढे धावत असे. जुनी विणकर बाईही हेच करते. पुढचा टाका सुलट की उलट, हे तिच्या बोटांआधी तिच्या नजरेला कळलेले असते.

तेव्हा बदलावयाचे ते ज्ञान नव्हे. बदलावयाची आहेत साधने. या विचाराचा एक थोर दाखला जयपूरमध्येच आहे. १९६० नंतरच्या दशकात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी येथे कृत्रिम पाय घडविला, तो आज ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर ठाऊक आहे. विलायती पाऊल खुर्चीवर बसणाऱ्या व बूट घालणाऱ्या माणसासाठी केलेले होते. या दोघांनी मांडी घालून बसणारा, उकिडवा बसणारा, शेतात अनवाणी चालणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला आणि रबराचे पाऊल त्याच्या चालीला जुळवून घेतले. माणसाने साधनापुढे वाकू नये, साधनाने माणसापुढे वाकावे, हे त्यांचे सूत्र विणणाऱ्या हातांनाही लागू आहे.

पोलादी सुया थंडीत गार पडतात आणि त्यांच्यावरून टाका झटकन घसरतो. बांबूच्या सुया हलक्या असतात, गार लागत नाहीत व टाका धरून ठेवतात. चार सुट्या सुयांऐवजी लवचीक तारेने जोडलेली लांब सुई घेतली तर विणलेला भाग मांडीवर विसावतो व मनगटांवर त्याचा भार पडत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरील स्त्रिया कमरेच्या चामडी पट्ट्याच्या भोकात सुईचे टोक रोवीत आणि हाताचे ओझे पट्ट्यावर सोपवीत. लोकरीचा रंग फिकट असावा, म्हणजे टाका दिसतो. काळी लोकर तरुण डोळ्यांनाही थकविते. राजस्थानात लोकर मुबलक असली तरी तिचा मोठा भाग जाडाभरडा, गालिच्यांना योग्य असा असतो. शेखावाटीकडील चोकला मेंढीची लोकर त्या मानाने तलम असते. मोज्यासाठी मऊ आणि किंचित नायलॉन मिसळलेली लोकर घ्यावी, म्हणजे टाच लवकर झिजत नाही.

सर्वांत मोठा फरक मात्र जाडीने पडतो. आठ इंच घेराच्या, घोट्यावर सहा इंच आणि पाऊल नऊ इंच अशा मोज्याला बारीक लोकरीने फेरीत ६४ टाके लागतात आणि एकूण सुमारे १०,५०० होतात. तोच मोजा जाड लोकरीने ४० टाक्यांच्या फेरीत केला तर सुमारे ४,२०० टाक्यांत पुरा होतो. मंद हातांनी मिनिटाला दहाच टाके पडतात असे धरू आणि सांधे दुखण्याआधी थांबावे म्हणून दिवसाला वीसच मिनिटांची बैठक ठरवू. या हिशेबाने बारीक लोकरीच्या जोडीला साडेतीन महिने लागतात आणि तोवर थंडी सरलेली असते. जाड लोकरीची जोडी सहा आठवड्यांत तयार होते.

सकाळी कोमट पाण्यात हात शेकावेत, मुठी पाचसात वेळा हळूच उघडमीट कराव्यात आणि मग पहिला टाका घालावा. पहिल्यांदा टाच न वळवता सरळ नळीसारखा मोजा केला तरी काही बिघडत नाही. तोही पायाला ऊब देतो, आणि बोटांना त्यांचे जुने काम आठवते. काही हातांना इतकेही जमणार नाही. त्यांनी शेजारी बसून नातीला टाच वळवावयास शिकविले, तरी कला घरातच राहते. ज्यांना जमेल त्यांनी दिवाळी आटोपल्यावर सुया हातात घ्याव्यात. संक्रांतीला अवघे जयपूर पतंग उडविण्यासाठी गच्च्यांवर चढते. त्या दिवशी पहाटेच्या गार फरशीवर धावत सुटणाऱ्या नातवाच्या पायांत आजीच्या हातचे मोजे असतील.